गच्चीवरची शेड आणि वेल्डरचा रात्रीचा ताप

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भोसरीत माझं छोटं फॅब्रिकेशनचं, म्हणजे लोखंड वेल्डिंग करून जोडायचं शॉप आहे, मला धरून पाच माणसं. एप्रिल-मे म्हणजे आमचा सीझन, पावसाच्या आत सगळ्यांनाच गच्चीवर पत्र्याची शेड पाहिजे असते. याच दिवसांत गेल्या वर्षी जे झालं ते लिहितोय, कारण यंदाही तेच कुठल्या ना कुठल्या शॉपमध्ये होणार याची मला खात्री आहे.

आमच्याकडचा एक पोरगा गावच्या जत्रेला जाऊन आठ दिवसांनी परत आला. गुरुवारी आमच्याकडे सुट्टी, शुक्रवारी कामावर हजर. त्या दिवशी एका बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये जीआय पाईपचे ट्रस, म्हणजे शेडचे सांगाडे, वेल्डिंग करून जोडायचे होते, बाहेर ऊन म्हणून आतच बसला, तीन बाजूंनी भिंत. संध्याकाळी ठणठणीत, चहा पिऊन रूमवर गेला आणि रात्री दहाला त्याच्या रूम पार्टनरचा फोन की थंडी वाजून ताप भरलाय, अंग ठणकतंय, छाती दाबल्यासारखी वाटतेय आणि नाणं चघळल्यासारखी तोंडाची चव झालीय. पळत दवाखान्यात नेलं. मलेरिया बघा, डेंग्यू बघा, सलाईन लावा, सगळे रिपोर्ट नॉर्मल आणि रविवारी सकाळी ताप आपोआप गेलेला. तपासण्यांत त्याची आठवड्याची मजुरी गेली. पण त्या अख्ख्या दवाखान्यात एकानेही विचारलं नाही की बाळा, तू काम काय करतोस.

नंतर ओळखीच्या एका रिटायर्ड सेफ्टी ऑफिसरांनी समजावून सांगितलं. जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर. लोखंड वितळायला जवळपास दीड हजार डिग्री लागतात आणि जस्त ९०७ डिग्रीलाच उकळतं, म्हणजे जोड लागायच्या आधीच जस्ताची वाफ होऊन हवेत जाते. जीआयवर आर्क, म्हणजे वेल्डिंगची ठिणगी, मारली की जो पांढरा दाट धूर निघतो आणि कापसासारखी जळमटं उडतात ना, ते जस्ताचं ऑक्साईड. ते छातीत गेलं की लगेच काही होत नाही, चार ते दहा तासांनी ताप येतो, म्हणून कुणी त्याचा संबंध कामाशी लावतच नाही. रोज धूर घेणाऱ्याला थोडी सवय होते, सुट्टीत ती सवय मोडते, त्यामुळे सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशीच हा ताप जास्त पकडतो. बाहेरच्या देशांत त्याला मंडे फीव्हर म्हणतात, आमच्याकडे तो शुक्रवारी येतो.

यावर आमच्या धंद्यातला पिढ्यानपिढ्याचा उपाय म्हणजे दूध प्या, गूळ खा. मीसुद्धा बावीस वर्षं हेच करत आलो. अहो दूध पोटात जातं, धूर छातीत जातो, त्या दोघांची गाठ कुठे पडणार? आणि तोंडाला बांधलेल्या रुमालातून हा बारीक धूर आरपार जातो, त्याला एन-९५ सारखा मास्कच लागतो आणि तोही नाकावर घट्ट बसलेला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे धूर होऊच द्यायचा नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंचं इंच-दोन इंच जस्त मास्क लावून ग्राइंडरने काढायचं, मग वेल्डिंग, मग तिथे झिंक रिच प्रायमरचे, म्हणजे गंज रोखणाऱ्या जस्ताच्या रंगाचे दोन हात. काम उघड्यावर करायचं आणि फॅन बाजूने लावायचा, पाठीमागून लावला तर धूर उलटा फिरून तोंडाशीच येतो.

आता गिऱ्हाईकांना हात जोडून सांगतो. हे सगळं केलं की एका शेडला अर्धा दिवस जास्त जातो आणि तोच अर्धा दिवस कुणी द्यायला तयार नसतं. शेजारचा आज करून देतो म्हणतो मग तुम्हाला उद्या कशाला, हे मी दर सीझनला ऐकतो. तो अर्धा दिवस द्या. आणि डिझेलची किंवा थिनरची रिकामी टाकी आणून "रिकामीच आहे, एक टाका मारून द्या" असं कुणाला म्हणू नका, रिकाम्या टाकीत उरलेली वाफ हवेत मिसळलेली असते आणि भडका त्या वाफेचाच उडतो.

फॅमिली डॉक्टरांना कळकळीची विनंती, ताप घेऊन आलेल्या माणसाला आधी कामधंदा विचारा. जस्ताचा ताप एक-दोन दिवसांत उतरतो हे खरं, पण जुन्या स्क्रॅपमधल्या काही नट-बोल्टवर कॅडमियम या विषारी धातूचं प्लेटिंग असतं, त्याचा धूर गेला तरी सुरुवात अशीच तापाने होते आणि पुढे फुप्फुसात पाणी होऊन माणूस जाऊही शकतो. म्हणजे दम लागत असेल तर सकाळची वाट बघायचीच नाही. हे फक्त तापापुरतंही नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलाय, ज्या गटात तंबाखू आहे.

दरवर्षी ४ मार्चला सुरक्षा दिन होतो, मोठ्या कंपन्यांत शपथ होते, बॅनर लागतात, ते चांगलंच आहे. पण पाच माणसांचं शॉप सहसा ना कारखान्यांच्या कायद्यात येतं ना ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात, तिथे इन्स्पेक्टरही येत नाही आणि डॉक्टरही नाही. आणि गच्चीवरच्या शेड तर आमच्यासारखेच करतात. महापालिकेने सीझनच्या आधी एक दिवस आमच्या गल्ल्यांत आरोग्य शिबिर घेतलं, छाती आणि डोळे तपासले, तरी कितीतरी पोरांना पहिल्यांदा डॉक्टर भेटेल. डोळ्यांचं वेगळं सांगायला नको, वेल्डिंगची काळ्या काचेची स्क्रीन न धरता डोळे मिटून टाका मारतात, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, मग बटाट्याच्या चकत्या नाहीतर मेडिकलमधून आणलेले बधिर करणारे ड्रॉप. ते ड्रॉप घालत राहिलं तर बुबुळाला कायमची इजा होते हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

मी माझ्यापुरतं एवढं सुरू केलंय की जीआयचं काम असलं की संध्याकाळी पोरांना सोडताना सांगतो, रात्री ताप आला तर मला फोन कर आणि डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांग की आज जीआय वेल्डिंग केलंय.

आपला,
एक फॅब्रिकेशनवाला, भोसरी