65 मिलिमीटरची अट आणि मंडळातला एकच पर्जन्यमापक

महोदय,

महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिमीहून अधिक पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी. 64 नोंदला तर नाही. मंडळात गावे अनेक आणि पर्जन्यमापक बहुधा एकच. त्यामुळे मापकापाशी रिपरिप आणि पलीकडच्या शिवारात बांध फुटलेले, असे होते आणि पंचनामा अडतो.

यावर शेजारच्या पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदींची अंतरानुसार सरासरी काढून नकाशे रंगवले जातात. सह्याद्रीच्या पूर्वेला ही पद्धत सपशेल फसते. महाबळेश्वर आणि पाचगणी यांच्या उंचीत फरक शंभरेक मीटरचा, सरळ अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास; तरी पाचगणीचा वार्षिक पाऊस महाबळेश्वरच्या साधारण एक तृतीयांश. म्हणजे अंदाजाच्या समीकरणात नुसती उंची घालूनही भागत नाही, घाटमाथ्यापासून पूर्वेकडचे अंतरही घालावेच लागते.

दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींसाठी डॅनी क्रीग यांनी 1951 मध्ये मांडलेल्या कामातून पुढे आलेली क्रिगिंग पद्धत, म्हणजे आसपासच्या नोंदींवरून मधल्या जागेचा अंदाज बांधण्याची रीत, इथे वापरावी. आधी व्हेरिओग्राम काढायचा: केंद्रांमधले अंतर वाढते तसा पावसातला फरक किती वाढतो, याचा आलेख. अंतराचे 5 किमीचे गट पाडावेत, प्रत्येक गटात केंद्रांच्या किमान 30 जोड्या असाव्यात. दैनिक पाऊस फार विषम असतो, म्हणून आधी वर्गमूळ घ्यावे. घाटमाथा आणि पर्जन्यछायेचा पट्टा यांचे आलेख वेगळे ठेवावेत.

मात्र क्रिगिंगचा नकाशा पावसाची शिखरे घासून सपाट करतो. त्यावर थेट 65 ची रेषा ओढली तर खरी अतिवृष्टी झालेली गावेच सुटतात. त्याऐवजी केंद्रांच्या नोंदींशी जुळणारे पावसाचे हजार संभाव्य नकाशे संगणकावर तयार करून प्रत्येक गावात किती वेळा 65 ओलांडले ते मोजावे. आठशे वेळा ओलांडले, तर तिथे पंचनामा व्हायलाच हवा.

नवे मापकही याच गणिताने बसवता येतात: जास्त पेरणीच्या भागातल्या चुकीला जास्त वजन देऊन, अंदाजातली एकूण चूक सर्वांत कमी होईल ती जागा आधी. पण काही मापक मुद्दाम एक-दोन किलोमीटरवर जोडीने ठेवा, नाहीतर जवळच्या अंतरावरचा फरक कळतच नाही.

आणि नोंदवहीत ‘शून्य’ व ‘नोंद नाही’ वेगळे लिहा. पालापाचोळ्याने तुंबलेल्या मापकाचे शून्य आज आजूबाजूच्या सगळ्या गावांचा अंदाज खाली ओढते.

— भूसांख्यिकीचा अभ्यासक, पुणे