एकट्याचा अर्ज

चि. बाबूस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री काकूचा फोन आला. तू जे सांगितलं नाहीस ते तिनं सांगितलं. दोघं अंगणात आले, पाणी मागून प्यायले आणि जाताना म्हणाले, "पोराला म्हणावं, शेतीत लक्ष घाल." कोण होते ते काकू सांगेना. मीही खोदून विचारलं नाही. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. बाबांना यातलं काही बोलले नाही, त्यांचं बीपी आत्ता कुठं ताळ्यावर आलंय. फोनवर बोलायला गेले तर रडूच येईल, म्हणून लिहितेय.

आधी एक सांगून टाकते. अर्ज मागे घे असं मी म्हणणार नाही. पाण्याच्या योजनेचं अंदाजपत्रक, एमबीची म्हणजे कामाच्या मोजमाप वहीची नक्कल, ठेकेदाराला दिलेली बिलं, तू मागितलंस ते योग्यच मागितलंस. टाकी उभी राहिली, तिला रंग दिला, चर बुजले, आणि खालच्या आळीतल्या बायका अजून विहिरीवरच आहेत. मग कागद बघायचे नाहीत तर काय करायचं? 2005 चा माहिती अधिकार कायदा त्यासाठीच आहे. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, 30 दिवसांत उत्तर मिळायला हवं, आणि कशाला पाहिजे हे सांगायची अर्जदारावर सक्ती नाही. हे तुला पाठ आहे, मी कशाला सांगतेय! मला एवढंच म्हणायचं होतं की अंधार पडल्यावर ओढ्याच्या वाटेनं एकटा येऊ नकोस. सडकेनं ये. लांब पडलं तरी सडकेनंच ये.

राखीव जागा आली म्हणून मला सदस्य केलं तेव्हा तू पाळण्यात होतास. तुला मांडीवर घेऊन मी मासिक सभेला बसायचे. तेव्हा पंचायतीचा कारभार मला आतून कळला. ग्रामसभेला मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, यातला जो आकडा कमी असेल तेवढे हजर लागतात. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब. आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे गाव आलं नाही की उरलेल्या मूठभर माणसांत सगळं मंजूर होतं, आणि त्यावर गावाचा शिक्का बसतो. कुणी चोरी करायची गरजच नाही, आपण घरी बसलो की पुरे.

एकदा शिपाई रजिस्टर घेऊन दारात आला. "वहिनी, इथं सही." काय लिहिलंय विचारलं तर म्हणाला, "नेहमीचंच." मी भांडी घासत होते. हात पुसले, चष्मा लावला आणि ओट्यावर बसून वाचायला लागले. मला वाचताना पुटपुटायची सवय, ती तुलाही लागलीय. पुटपुटता पुटपुटता आवाज मोठा झाला. शेजारची आली, तिच्या मागून तिची सासू आली, दळण घेऊन जाणाऱ्या दोघी थांबल्या. मी वाचतेय, "वस्तीवरील रस्त्याचे खडीकरण, सर्वानुमते मंजूर," आणि सासूबाई मध्येच म्हणाल्या, "अगं, त्या रस्त्याचं तर सभेत नावच निघालं नव्हतं." चार जणींनी माना डोलावल्या. शिपायानं सही न घेताच रजिस्टर काखेला मारलं. पुढच्या सभेपासून मागच्या सभेचं इतिवृत्त सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायची पद्धत पडली. मला कुणी वाकडा शब्द बोललं नाही. ओट्यावर मी एकटी असते तर बोलले असते, हे मला पक्कं ठाऊक आहे.

म्हणून तुझी काळजी वाटते. तुझा अर्ज एकट्याचा आहे.

तळेगावच्या सतीश शेट्टींची बातमी वाचली तेव्हा तू कॉलेजात होतास. माहिती अधिकारातून जमिनींची प्रकरणं बाहेर काढायचे. 2010 च्या जानेवारीत सकाळी फिरायला गेले असताना त्यांना मारलं. मी हे लिहिणार नव्हते. लिहून गेले. आता खोडत नाही, कारण माझ्या डोक्यात काल रात्रीपासून तेच आहे.

राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेनं 1994 साली कोट किराना नावाच्या गावात जनसुनवाई घेतली होती, तुला माहीत असेल. रोजगाराच्या कामांची हजेरीपत्रकं गावासमोर मोठ्यानं वाचली. ज्यांची नावं होती तेच समोर बसलेले. मी या कामावर कधी गेलेच नाही, मला एवढी मजुरी मिळालीच नाही, असं माणसं उठून सांगायला लागली. कागद तेच, पण कपाटात होते तोवर त्यांना कुणी खोटं म्हणू शकत नव्हतं. आपल्याकडे सातबाऱ्याचं चावडीवाचन झालं तेव्हा नानांच्या उताऱ्यात आत्याचं नाव राहिलंय हे असंच तिथल्या तिथं निघालं ना? वकील लागला नाही की काही नाही.

तेव्हा माझं ऐकशील तर असं कर. खालच्या आळीतल्या चार-पाच जणांना हाच अर्ज आपापल्या नावानं करू दे. दारिद्र्यरेषेखालच्या घरांना तर फीसुद्धा नाही. अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, तेवढं तू त्यांना लिहून दे, पण सही त्यांची, पोच त्यांच्या घरात. आणि नुसते कागद मागू नका, कामाची पाहणीही मागा. प्रत्यक्ष काम बघायचा, साहित्याचे प्रमाणित नमुने घ्यायचाही हक्क त्याच कायद्यात आहे. पाइप किती खोल गाडलाय ते बघायला सगळे मिळून जा. म्हणजे अंगणात येऊन पाणी पिणाऱ्यांना किती अंगणं फिरावी लागतील!

आणखी एक. गावच्या ग्रुपवर तू अर्जाचा फोटो टाकलास आणि खाली "चोर सापडणार" असं लिहिलंस, ते काढून टाक. कागद अजून आलेले नाहीत. कदाचित पंपाची वीजजोडणी अडली असेल, कदाचित पैसे खरंच वरून आले नसतील. हातात एमबी आल्यावर, मोजून बघितल्यावर जे बोलायचं ते बोल, मी तुझ्या शेजारी उभी राहीन. आधी ओरडलास आणि नंतर कारण वेगळंच निघालं तर पुढचा खरा अर्जही लोक हसण्यावारी नेतील. माहिती मागणाऱ्यानं आधी स्वतः माहितीवर थांबायला शिकलं पाहिजे. ज्या माणसावर तू आरोप करतोयस त्यालाही घर आहे, आई आहे, तीही अशीच रात्रभर...

जाऊ दे. फार बोलले. तू तिशीतला माणूस आहेस, मी शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगतेय. रागावू नकोस.

पण ग्रुपवर ती पोरं "भाऊ तुम आगे बढो" लिहितात तेही मला आवडलं नाही, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुढे तू, आणि मागे कोण? बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बजावलं होतं की राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. ते मोठमोठ्या पुढाऱ्यांबद्दल बोलत होते, पण मला ते गल्लीतल्या भाऊलाही लागू वाटतं. टाळ्या वाजवणारा घरी जातो, अर्ज करणारा रस्त्यावर राहतो. त्या पोरांना म्हणावं, ग्रुपवर अंगठे टाकण्यापेक्षा रविवारी तासभर बसा आणि पंचायतीचं अंदाजपत्रक वाचा. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावानं तसेच अभ्यासगट चालवले, ठराव सगळ्यांच्या संमतीनं घ्यायची रीत पाडली, आणि 2009 मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क कागदोपत्री मिळवला. तिथल्या देवाजी तोफांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण ते एकटे नव्हते, मागे सबंध गाव शिकत होतं.

तू नोकरी सोडून गावी राहिलास तेव्हा बाबा महिनाभर तुझ्याशी धड बोलले नव्हते. परवा दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगत होते, "आमचा धाकटा गावाकडं असतो, पंचायतीला हिशोब विचारतो." मला वाटलं त्यांना झोप लागलीय. छाती फुगवून सांगत होते रे. त्यांना हे अंगणातलं कळलं तर त्याच छातीचं काय होईल, याची मला धास्ती आहे.

30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करायला 30 दिवसांची मुदत असते, ती चुकवू नकोस. पोच पावतीची झेरॉक्स काकूकडे ठेव आणि एक मला पाठव. ते दोघं पुन्हा आले तर ठाण्यात लेखी दे, तोंडी नको. त्यालाही पोच घे. आणि सडकेनं ये.

1 मेची ग्रामसभा जवळ आलीय. तिच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. नळाचा विषय तिथं पहिल्यांदा निघाला पाहिजे, कारण घागरी त्याच वाहतात. खालच्या आळीतल्या सगळ्या जणी येतील एवढं काकूला बघायला सांग, मी तिला फोनवर बोललेच आहे. नोटीस लागली की तारीख कळव. ताई बाबांजवळ थांबायला तयार आहे. माझं नाव अजून गावच्याच मतदार यादीत आहे, मी आदल्या दिवशीची एसटी धरून येते.

तुझी,
आई