नित्याला, फुल मून पार्टीला जाण्याआधी

प्रिय नित्या,

तुझा प्रश्न एका ओळीचा होता, "फुल मून पार्टी सेफ आहे का रे?" थायलंडच्या को फांगन बेटावर, हाद रिन गावच्या किनाऱ्यावर पौर्णिमेला रात्रभर चालणारी ती पार्टी. उत्तर एका ओळीत बसेना, म्हणून हे पत्र. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू वाचायच्या आधीच अंगठा दाखवून मोकळा झाला असतास, तुला मी ओळखतो.

तिकिटं काढली नसतील तर आधी तारीख बघ. पौर्णिमा कॅलेंडरमध्ये बघून तिकीट काढणारे तिथे येऊन हात चोळत बसतात. माघ पूजा, विशाखा पूजा, आसाळ्ह पूजा हे थाई लोकांचे मोठे बौद्ध सण पौर्णिमेलाच येतात. त्या दिवशी पार्टी होत नाही, एखादा दिवस पुढेमागे सरकते. दुसरं म्हणजे को फांगन बेट थायलंडच्या आखातात आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या फुकेतला नोव्हेंबरपासून मस्त कोरडी हवा सुरू होते, पण आखाताच्या या बाजूला ऑक्टोबर ते डिसेंबर धो धो पाऊस आणि खवळलेला समुद्र असतो. बोटी रद्द होतात. तुझं डिसेंबरचं डोक्यात असेल तर जानेवारीनंतरचा विचार कर.

आता मुद्द्याचं. रात्री बारा वाजता हाद रिनच्या किनाऱ्यावर दहा-वीस हजार माणसं असतात, कधी त्याहून जास्त. अंगाला चमकणारे रंग फासलेले, दर पन्नास पावलांवर वेगळं गाणं, वेगळा स्पीकर. बघून वाटतं, इथे काहीही होऊ शकतं. पण खरं सांगू? त्या वेळी तिथे उजेड असतो, पोलीस असतात, प्रथमोपचारवाले असतात, आणि तू पडलास तर चार अनोळखी हात तुला उचलतात. गर्दीची भीती बाळगू नकोस. भीती बाळगायची ती पहाटे तीन ते सातची. गर्दी विरळ होते, गटातले लोक एकमेकांपासून तुटतात, प्रत्येकाला "मी ठीक आहे" असं ठाम वाटत असतं आणि प्रत्येकाला खोलीवर परत जायचं असतं. समुद्र, मोटरसायकल आणि स्पीडबोट, तिथल्या वाईट बातम्या बहुतेक या तिघांच्याच असतात. म्हणून परत कसं जायचं हे पार्टीच्या आदल्या दुपारी, जेवून, शुद्धीत, सगळ्यांनी बसून ठरवा. पहाटे चारला ठरवायला बसाल तर जो सर्वात जास्त प्यायलाय त्याचंच ऐकलं जाईल. आपल्या ग्रुपमध्ये तो कोण, हे मी लिहीत नाही.

सर्वात सोपा उपाय पैशाचा आहे. चालत जाता येईल अशी खोली हाद रिनमध्येच घ्या. पौर्णिमेच्या आसपास भाव चढतात, बरेच जण किमान चार-पाच रात्रींची अट घालतात, खोलीत झोप लागत नाही कारण भिंती हादरत असतात. तरीही घ्या. बाकीचं बेट शांत आणि सुंदर आहे, तिथे नंतर राहा. हाद रिन परवडत नसेल तर सोंगथाव, म्हणजे मागे दोन बाकडी टाकलेली पिकअप गाडी, रात्रभर ये-जा करते. पैसे आधी ठरवायचे आणि परतीचे बाथ, म्हणजे थाई पैसे, वेगळ्या खिशात ठेवायचे. तो खिसा बादलीसाठी उघडायचा नाही.

बादली म्हणजे काय ते सांगतो. मुलं वाळूत किल्ले करायला नेतात तसली प्लास्टिकची छोटी बादली. त्यात थाई रमची छोटी बाटली, कोला, बर्फ आणि तिथलं ते काचेच्या छोट्या बाटलीतलं गोड एनर्जी ड्रिंक. वर चार-पाच स्ट्रॉ. बाटली अख्खी ओतली तर आपल्या हिशोबाने दीड क्वार्टरच्या पुढे जाते आणि गोडव्यात ती कळतच नाही. त्यातून कॅफीनमुळे झोप उडते, नशा उतरत नाही. म्हणजे माणूस तितकाच झिंगलेला, फक्त जागा. त्याला वाटतं आपण तरतरीत आहोत. पहाटे तीनचे बहुतेक पराक्रम या एका गैरसमजातून घडतात. एक बादली तिघांत, मध्ये पाण्याची बाटली, आणि संध्याकाळी पोटभर जेवण, एवढं पाळलंत तरी रात्र निभावेल.

बादली कुठून घेता हेही बघा. तयार, भरून ठेवलेली घ्यायची नाही. सीलबंद बाटली आपल्यासमोर फोडायला लावायची, त्यात दुकानदाराला काही वाईट वाटत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये शेजारच्या लाओसमध्ये, वांग व्हिएंगला, भेसळीच्या दारूने सहा परदेशी पर्यटक गेले. त्यात मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल होतं. ते चवीला कळत नाही, वासाला कळत नाही, आणि त्याची लक्षणं कित्येक तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसतात. डोकं दुखणं, ओकाऱ्या, म्हणजे वाटणार साधा हँगओव्हर. पण नजर धूसर झाली, डोळ्यांसमोर पांढरं पांढरं दिसायला लागलं, श्वास जोरजोरात चालायला लागला, तर लिंबूपाणी करत बसायचं नाही. हॉस्पिटलमध्ये जाऊन "मिथेनॉल" हा शब्द उच्चारायचा. त्यावर उतारा आहे, डायलिसिस आहे, वेळेत गेलं तर माणूस आणि त्याचे डोळे दोन्ही वाचतात.

आणि "झोपू दे त्याला, उतरेल" हे वाक्य या सहलीपुरतं बंद. कोणी हलवून उठत नसेल तर त्याला एका कुशीवर वळवायचं, म्हणजे ओकारी घशात अडकणार नाही, आणि शेजारी जागं माणूस बसवायचं. एखादी मुलगी किंवा मुलगा थोडीशीच घेऊन अचानक लोळायला लागला तर पेयात काहीतरी मिसळल्याचा संशय आधी घ्या, थट्टा नंतर करा. अशा वेळी "मी हिला सोडतो" म्हणत मदतीला येणारा अनोळखी देवमाणूस कितीही गोड बोलला तरी नम्रपणे नको म्हणायचं. आपल्या ग्रुपमधल्या रेवतीला हे माहीत आहेच, मुलींना असल्या सूचना जन्मापासून ऐकवलेल्या असतात. आपल्यातल्या मुलांना कोणी ऐकवत नाही, म्हणून तुला लिहितोय.

समुद्राबद्दल एकच नियम, प्यायल्यावर पाण्यात जायचं नाही. गुडघाभरसुद्धा नाही. मोठा किनारा पूर्वेला तोंड करून आहे, लाटा असतील तेव्हा पाण्याला आत खेचणारी ओढ असते. दिवसा पोहताना अशा ओढीत सापडलास तर किनाऱ्याकडे झटापट करू नकोस, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला हो, ओढ सुटली की मग वळ. रात्री, दारूत, हे कुणालाच सुचत नाही आणि स्पीकरच्या आवाजात हाक ऐकू जात नाही. शिवाय या भागात बॉक्स जेलीफिश आहेत, त्यांच्या डंखाने माणसं दगावली आहेत. किनाऱ्यांवर खांबांना व्हिनेगरच्या बाटल्या लावलेल्या दिसतील, त्या त्यासाठीच. डंख झाला तर चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही, व्हिनेगर भरपूर ओतायचं आणि मदत बोलवायची. एवढ्यानेही तुझा पाण्यात जायचा मोह गेला नसेल तर ऐक, मध्यरात्रीनंतर त्या पाण्याच्या कडेला पुरुषांची जी रांग उभी असते ती चंद्र बघायला नसते.

पायात पट्ट्याचे सँडल नव्हे, बंद बूट. वाळूत फुटक्या बाटल्या असतात आणि अंधारात त्या दिसत नाहीत. आणि ती पेटती दोरी! दोघे जण रॉकेलमध्ये भिजवलेली जळती दोरी फिरवतात आणि लोक तिच्यावरून उड्या मारतात. बघायला भारी आहे, खोटं कशाला बोलू. मी बराच वेळ बघत उभा होतो. पण ती बघण्याचीच गोष्ट आहे. दुसऱ्या दिवशी बेटावरच्या दवाखान्यांबाहेर पोटऱ्यांना बँडेज बांधलेले जे बसलेले असतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना एकच उडी मारायची होती.

आता तुझी लाडकी मोटरसायकल. थायलंडमध्ये वाहनं डाव्या बाजूने चालतात, म्हणून आपल्याला फार घरच्यासारखं वाटतं आणि तिथेच आपण फसतो. तोंग साला बंदरापासून हाद रिनकडे येताना शेवटच्या टप्प्यात जे चढउतार आहेत ते अंगावर येतात. वळणावर वाळू, समोरून येणारा हेल्मेटशिवाय आणि बहुधा प्यायलेला. स्कूटरवरून घसरून सोलपटलेल्या कातडीला तिकडे "थाई टॅटू" म्हणतात, हसत हसत म्हणतात, पण असे टॅटूवाले तुला दर कोपऱ्यावर भेटतील. पार्टीच्या रात्री बाइक खोलीवरच राहू दे. इतर दिवशी चालवायची असेल तर इथल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ने, त्यावर दुचाकीचा शिक्का हवा. तो नसताना अपघात झाला तर प्रवास विमा कंपनी सरळ हात वर करते, दारू प्यायलेला असलास तरी तसंच. पॉलिसीतली बारीक अक्षरं एकदा वाच, तू वकिलाचा मुलगा आहेस. गंभीर दुखापत झाली तर बोटीने शेजारच्या को समुई बेटावर किंवा मुख्य भूमीवर न्यावं लागतं, आणि खासगी हॉस्पिटलं आधी पैशाचं विचारतात. बाइकवाल्याकडे पासपोर्ट गहाण ठेवू नकोस, रोख अनामत दे आणि घेण्याआधी गाडीच्या प्रत्येक ओरखड्याचा व्हिडिओ काढ.

समुईहून एका रात्रीपुरतं येऊन पहाटे स्पीडबोटीने परत जायचा बेत बरेच लोक करतात. मला तो पसंत नाही. जानेवारी २००५ मध्ये पार्टीहून समुईला परतणारी खच्चून भरलेली स्पीडबोट उलटली आणि डझनाहून जास्त लोक बुडाले. जायचंच झालं तर लाइफ जॅकेट अंगात चढवल्याशिवाय बसायचं नाही, आणि बोट भरलेली वाटली तर पुढची घ्यायची. धक्क्यावर तासभर डास चावतील, चावू देत.

नशेच्या इतर प्रकारांबद्दल तुला मी काय सांगावं, पण बरोबर येणारे तुझे ऑफिसवाले मला माहीत नाहीत. नशेच्या मशरूमचा शेक कुणी हसत पुढे केला तरी ते बेकायदा आहे. हाद रिनच्या रस्त्यावर पोलिसांची तपासणी असते, साध्या वेशातलेही फिरतात. गांजाबद्दल "तिकडे चालतं" असं ऐकून जाऊ नका. २०२२ मध्ये तो मोकळा केला, पण जून २०२५ पासून डॉक्टरची चिठ्ठी लागते. तिथल्या तुरुंगात जाऊन भाषा शिकायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

खोलीचं म्हणशील तर त्या रात्री सगळं गाव किनाऱ्यावर असतं, हे चोरांनाही ठाऊक असतं. पासपोर्ट आणि कार्ड हॉटेलच्या तिजोरीत, जवळ फक्त थोडे बाथ, खोलीची किल्ली आणि फोन, तेही गळ्यातल्या पाणी न जाणाऱ्या पाकिटात. हॉटेलचं नाव थाई लिपीत लिहिलेलं कार्ड सोबत असू दे. फोनची बॅटरी संपणारच, म्हणून भेटायची जागा आणि वेळ आधीच ठरवा. चिकन कॉर्नर नावाचा चौक सगळ्यांना माहीत असतो. दर दोन तासांनी तिथे सगळ्यांनी तोंड दाखवायचं, कोणी आलं नाही तर नाचणं थांबवून शोधायला निघायचं. पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५, रुग्णवाहिकेचा १६६९. फोनमध्ये आणि हातावर, दोन्हीकडे लिही. रंग फासतच असतात, त्यात तेवढं खपून जाईल.

तारखा नक्की झाल्या की हॉटेलचं नाव आणि बरोबरच्या दोघांचे नंबर मला पाठव. काकूंना मी "समुद्रकिनारी शांत गाव आहे" एवढंच सांगितलंय. पौर्णिमा सोडून उरलेल्या दिवसांपुरतं ते खरंही आहे.

तुझा,
अभ्या

ता. क. : मे २०२५ पासून थायलंडला उतरण्याआधी डिजिटल आगमन कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट उघडली तर ती बनावट समज. आणि तुझी ती व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, घरीच ठेव, तिकडे तिच्यावर बंदी आहे.