आजीची पंगत, यंदा तुझ्याकडे

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

बाबांच्या ऑपरेशनची तारीख नेमकी पालखीच्या आठवड्यात आली. आजी गेल्यानंतरची ही पहिलीच वारी आणि वाल्ह्याच्या घरी आम्ही दोघंही नसणार. "दिंडीचं जेवण मी बघते," असं तू म्हणालीस तेव्हा बाबांनी चष्मा काढून पुसला, बोलले काहीच नाहीत. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहिते.

आधी एकच. शेगडीजवळ ओढणी नको. सुती, अंगाबरोबर बसणारा कुडता घाल आणि केस वर बांध.

पानं दीडशे धर. ज्वारीचं पीठ छत्तीस किलो, बारा घरांत घरटी तीन किलो. किलोच्या दहा भाकरी होतात. दळण तीन-चार दिवसांपेक्षा आधी आणू नकोस, पिठाची विरी गेली की भाकरी थापतानाच फाटते. आलेल्या भाकरी गरम असताना एकावर एक रचल्या तर घाम सुटून चिकटतात. धोतरावर पसरून निवू दे, मग दुरडीत.

पिठल्याला बेसन आठ किलो, पाणी चाळीस लिटर. दोन पातेल्यांत निम्मं निम्मं कर, एकाच मोठ्या पातेल्यात तळाशी हात पोचत नाही. कांदा पाच किलो, हिरवी मिरची एक किलो, लसूण अर्धा, तेल दोन लिटर. कांदा बिनधास्त घाल, चातुर्मास अजून लागायचाय. बेसन गार पाण्यातच कालव, आधी घट्ट, मग सैल, आणि चाळणीतून गाळून घे. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात पडलं की गुठळी होते, वरून शिजलेली नि आतून कच्ची. फोडणीत पाणी खळखळलं की बारीक धारेने ओतायचं आणि ढवळणं थांबवायचं नाही. उकळी आली की आच मंद कर. बेसन तळाशी बसतं, तिथूनच लागतं. लागलंच तर खरवडू नकोस, वरचं तेवढं दुसऱ्या पातेल्यात काढ.

घट्ट होताना पिठलं रटरटतं आणि शिंतोडे उडतात. ते पाण्यासारखं ओघळून जात नाही, कातडीला चिकटून बसतं. लांब दांड्याचं उलथनं घे, तोंड बाजूला ठेव. भाजलंच तर वीस मिनिटं गार पाण्याची धार. हळद नाही, टूथपेस्ट नाही. आक्काच्या लग्नातलं तुला आठवत नसेल, आम्हाला आठवतं. बघ, शेगडीवरून हलायचंच नाव घेत नाहीये मी. तीस वर्षांची झालीस, कळतं मला.

मीठ अर्धा किलो, मोजूनच. नैवेद्य गूळभाकरीचा असला तरी वारकरी जेवायच्या आधी जिभेला काही लावायचं नाही, ही आजीची शिस्त. ती आषाढीला पंढरीला कधी गेलीच नाही. माऊली दारावरून जातात नि मी घर टाकून कुठे जाऊ, म्हणायची. कार्तिकीला जायची. रोज तिन्हीसांजेला हरिपाठ, तोही शेंगा फोडता फोडता. गावात कुणाची लेक बाळंतपणाला आली की पहिली गोधडी आपल्या घरून. मोठ्या काकांशी बाबांचं बोलणं बंद होतं त्या वर्षीही दोघांना तिने पंगतीत शेजारी वाढायला उभं केलं होतं, एकाच्या हातात भाकरी, दुसऱ्याच्या हातात पिठलं. यंदा काका येतील. त्यांना मान दे, पण जुनं काही काढलं तर ऐकून सोडून दे.

विणेकऱ्यांना बसायची घाई करू नकोस. वीणा जमिनीवर ठेवत नाहीत, दुसऱ्याने गळ्यात घेतली की ते जेवायला येतात. त्यांचं गरम पिठलं वेगळं काढून ठेव. तुळशी उतरवायला पाट मांड.

पाय शेकायला पाणी मागतील. आधी कोपर बुडवून बघ. ज्यांना साखर आहे त्यांना गरम पाणी द्यायचंच नाही. पायाची जाणीव गेलेली असते, भाजलं तरी कळत नाही. फोड आले असतील तर फोडू नकोस, धुऊन कोरडे करून स्वच्छ कापूस नि पट्टी. आजी या कामाला कुणाला हात लावू द्यायची नाही. तू तिच्यासारखीच जमिनीवर फतकल मारून बसतेस, तुला जमेल. आणि तिच्यासारखीच उपाशी राहून राबतेस, तेवढं मात्र नको. नाही, उपदेश पुरे.

सिलिंडरची नळी आदल्या दिवशी साबणाचं पाणी लावून बघ, बुडबुडे आले तर ती शेगडी पेटवायचीच नाही. ओढणीचं सांगितलंच आहे.

उरलेलं पिठलं बरोबर बांधून देऊ नकोस, सकाळपर्यंत आंबतं. शेंगदाण्याची चटणी दे. कोरडं पीठ उरलं तर दिंडीच्या ट्रकमध्ये चढव, लोणंदच्या मुक्कामाला त्यांच्या कामी येईल. बारा घरांच्या पराती ओळखीच्या खुणा बघून परत कर. मागच्या वेळी दोन बदलल्या नि अजून वाद चालू आहे.

तुझी,
आई