आक्काचं काय करू, तूच सांग

कराड,
रविवार, रात्री

प्रिय दिन्या,

माझी तब्येत ठीक, शुगर गोळीवर आहे, आई मजेत. आता मुद्द्याचं.

आक्काला टीबी नाहीच. फुप्फुसाचा कॅन्सर आहे. मला, भाऊजींना आणि थोरल्या भाच्याला माहीत आहे. आक्काला नाही. आणि काल तिनं मला चुलीपाशी गाठून विचारलं, "ती लाल गोळी बंद केली का रे? लघवी पहिल्यासारखी व्हायला लागली." टीबीच्या त्या गोळीनं लघवी केशरी होते, घाबरू नका, असं तिला सुरुवातीलाच सांगितलं होतं. आता रंग गेला, तिनं ओळखलं. मी म्हणालो, औषध बदललंय. ती माझ्याकडं बघत राहिली. तव्यावरची भाकरी करपली, आपल्या आक्काची भाकरी! तेव्हाच मी ठरवलं, तुला लिहायचं. तुझ्या बापूंच्या कॅन्सरच्या वेळचं तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

आधी झालं काय ते सांगतो. खोकला दिवाळीच्या आधीपासून होता. एक्स-रेत डाग आणि छातीत पाणी. इथल्या एका डॉक्टरांनी पाणी काढलं आणि टीबीचा कोर्स सुरू केला. थुंकीत जंतू सापडले नव्हते. पाण्यात कसल्या पेशी आहेत हे तपासायला पाठवलंच नाही. आपल्याकडं छातीत पाणी म्हणजे बहुतेकदा टीबीच असतो हे मलाही कळतं. पण चार महिने गोळ्या खाऊन बाई वाळत चालली, पाठ धरून बसायला लागली, पाणी पुन्हा भरलं, तरी कोर्स पुरा करा म्हणे! याचा राग माझ्या मनातून जात नाही, दिन्या. शेवटी दुसरीकडं सीटी स्कॅन आणि बायॉप्सी केली. ॲडिनोकार्सिनोमा, फुप्फुसाच्या कॅन्सरचाच एक प्रकार. पाण्यातही त्याच पेशी, म्हणजे चौथी स्टेज. ऑपरेशन नाही.

बायॉप्सीत काढलेल्या तुकड्याच्या स्लाइड आणि मेणातला ब्लॉक घेऊन मी एकटाच टाटाला गेलो. आक्काला नेलं असतं तर पाटी वाचूनच कळलं असतं तिला. परळच्या त्या फुटपाथवर चटया टाकून बसलेली माणसं बघितलीस ना तू, बापूंच्या वेळी? तशीच आहेत. मी दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत चौकशी केली, पुढंमागं तिला न्यावं लागलं तर म्हणून.

आणि जो भेटतो तो विचारतो, "मिश्री लावत होत्या का? तंबाखू?" आक्का! गुऱ्हाळामागं आपण बिडी ओढली तेव्हा वास घेऊन चिमटा घेऊन धावलेली बाई! तू मागल्या दारानं पळालास आणि मार मी खाल्ला, त्याचा हिशेब अजून बाकी आहे.

टाटातल्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. तंबाखू हेच सगळ्यात मोठं कारण, पण आपल्याकडं हा आजार झालेल्या कित्येक बायांनी आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नसतो. एका पेशंटपुरतं कारण बोट ठेवून सांगता येत नाही, म्हणाल्या. मला मात्र फुंकणीच दिसते. शेणी आणि ओली चिपाडं, डोळे लाल, तोंड चुलीत घालून फू फू करणारी आक्का, आणि आपण पाटावर बसून गरम भाकरीची वाट बघणारे. लाकूड-शेणीच्या घरातल्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं बहुधा कॅन्सर करणारा असं म्हटलंय. बाहेरच्या हवेच्या प्रदूषणाला तर 2013 मध्ये सरळ कॅन्सर करणारं ठरवलं. गॅस घरात आला तरी भाकरी चुलीवरचीच लागते भाऊजींना. आता मी सांगून टाकलंय, चूल बंद.

चांगली बातमीही आहे. ब्लॉकवरच्या तपासणीत ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल सापडला. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर अडकावा आणि पाणी वाहतच राहावं, तसं त्या पेशींना 'वाढा, वाढा' असा हुकूम सतत मिळत राहतो. त्यावर नेमकी गोळी आहे. सलाईन नाही, केस जाणं नाही, रोज एक गोळी घरात. त्यातली जेफिटिनिब नावाची स्वस्तात मिळते, पण निम्म्या लोकांत दहा महिन्यांच्या आसपास आजार पुन्हा डोकं काढतो. ओसिमर्टिनिब या दुसऱ्या गोळीवर तो काळ एकोणीस महिन्यांच्या जवळपास जातो, पण ती फार महाग. 2024 च्या बजेटमध्ये ज्या तीन कॅन्सरच्या औषधांवरची कस्टम ड्यूटी काढली, त्यात ती आहे, तरीही. भाच्यानं ट्रॅक्टर विकायला काढलाय. महागडीच सुरू केली. खोकला उतरलाय, परवा ती उसाच्या बांधापर्यंत चालत गेली.

पण या गोळीनं अंगावर, तोंडावर मुरुमांसारखं पुरळ येऊ शकतं, नखांच्या कडा सुजतात. साठीतल्या बाईला मुरुमं आली की ती काय म्हणेल? टीबीचं औषध म्हणून किती दिवस खपवू? भाऊजी म्हणतात, नाव ऐकून ती हाय खाईल. तूही तेच म्हणाला होतास. एसटी स्टँडवर मी म्हणालो, बापूंना कळायला हवं, आणि तू म्हणालास, "तुझा बाप नाही तो." दसऱ्यापर्यंत आपण बोललो नाही. मला तेव्हा वाटत होतं तेच आजही वाटतं. तिच्या वाट्याला बरे दिवस किती आहेत ते तिला कळलं, तर धाकटीचं लग्न, वाटणी, पंढरपूर, काय आधी करायचं ते ती ठरवेल. आपण कोण ठरवणारे? पण तिच्यासमोर उभा राहिलो की जीभ उचलत नाही.

म्हणून विचारतो, रागावू नकोस. बापूंना कळलं होतं का? शेवटी ते तुला काही बोलले होते का? तू कधी सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. आता मला ते कळायला हवं.

तुझं काय चाललंय? पोरीच्या ॲडमिशनचं कळव. सिगरेट सोडलीस म्हणतोस, वहिनींना विचारून खात्री करीन. आणि तळपायावरचा तो काळा डाग पसरतोय म्हणालास ना, स्किनच्या डॉक्टरला दाखव, याच आठवड्यात. आपल्या लोकांत त्वचेचा वाईट कॅन्सर उन्हातल्या चेहऱ्यापेक्षा तळपायावर, तळहातावर, नखाखाली जास्त निघतो. बहुतेक काही नसेल. तरी दाखव.

येत्या रविवारी मी आक्काकडं जाणार आहे आणि सांगणार आहे. त्याआधी मला फोन कर. तिला अजून करू नकोस, तुझ्या आवाजावरून ती ओळखेल. मग सुट्टी काढून ये. तिला तुझ्या हातचं काही नको, नुसता ये.

तुझा,
अरुण