नऊ महिन्यांचा राजा

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

इंग्लंडचा सहावा हेन्री निव्वळ नेभळट होता, त्याच्यामुळेच यादवी माजली, असं तू लिहिलंस. अर्धं मला मान्य आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हे पत्र.

१४२२ साली बाप गेला तेव्हा हे पोर नऊ महिन्यांचं. दोन महिन्यांच्या आत आईचे वडील, फ्रान्सचे राजे, वारले आणि त्रवाच्या तहानुसार, म्हणजे बापानं फ्रान्सशी केलेल्या करारानुसार, तोही मुकुट याच्याच नावावर चढला. दहा वर्षांचा असताना पॅरिसमध्ये राज्याभिषेक! राजा व्हायचंय का, हे त्याला कुणी विचारलंच नाही रे.

मोठेपणी त्याचं मन रमलं ते देवाधर्मात आणि शाळा-कॉलेजांत. गरीब मुलांनी शिकावं म्हणून १४४० मध्ये त्यानं ईटनची शाळा काढली, पुढच्या वर्षी केंब्रिजचं किंग्ज कॉलेज. पण मर्जीतल्या माणसांवर त्यानं जमिनी आणि पदं उधळली, खजिना रिता झाला, नॉर्मंडी हातची गेली. इथे तुझं म्हणणं खरं आहे.

पण १४५३ चं काय करशील? कास्तियोंला फ्रान्समधली शेवटची मोठी लढाई हरली आणि त्या ऑगस्टमध्ये राजाचं भानच हरपलं. आईच्या वडिलांनाही वेडाचे झटके येत, तेच रक्तात आलं असावं. ऑक्टोबरमध्ये मुलगा झाला. बकिंगहॅमच्या ड्यूकनं बाळ हातात घेऊन त्याच्यापुढे धरलं, काही नाही. मग राणी मार्गारेटनं धरलं. त्यानं एकदा बाळाकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली, बस्स. सव्वा वर्षानं, नाताळाच्या सुमारास शुद्ध आली, तेव्हा त्यानं मुलाचं नाव विचारलं. ‘एडवर्ड’ म्हटल्यावर दोन्ही हात वर करून देवाचे आभार मानले. हे वाचताना मला गलबलून येतं.

अशा माणसाला सिंहासनावरून मानानं उतरवण्याची सोयच त्या राज्यात नव्हती. मग यॉर्कचा ड्यूक, सॉमरसेट, वॉरिक असे बडे सरदार, सगळे त्याच्या नावानं किंवा त्याच्याविरुद्ध लढत राहिले. सेंट ऑल्बन्सला तर त्याच्या मानेला बाण लागला. १४६१ मध्ये गादी यॉर्कच्या मुलाकडे, चौथ्या एडवर्डकडे गेली, पुढे लंडनच्या टॉवर किल्ल्यात कैद; १४७० मध्ये वॉरिकनं बाहेर काढून पुन्हा बसवलं, तेही जेमतेम सहा महिने.

४ मे १४७१ ला ट्यूक्सबरीत तोच मुलगा मारला गेला. २१ मे रोजी चौथा एडवर्ड विजयी होऊन लंडनमध्ये शिरला आणि त्याच रात्री हेन्री टॉवरमध्ये मेला. विजेत्यांच्या वृत्तांतात म्हटलंय, दुःखानं गेला. मला ते मुळीच पटत नाही. तुला पटतं का, सविस्तर कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश