बॉम्बिंग सोपं करा, पण खोटं करू नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत विमानांच्या गेमवर लेख आला होता. त्यात एकतर खऱ्यासारखं नाहीतर खेळायला सोपं असे दोनच गट पाडलेत, ते पटलं नाही म्हणून लिहितोय.

मी बारा वर्षं झाली आयएल-टू आणि डीसीएस हे लढाऊ विमानं उडवायचे कॉम्प्युटर गेम खेळतोय, आणि माझा जीव डॉगफाइटपेक्षा (विमानांची हवेतली झुंज) बॉम्बिंगमध्ये जास्त अडकतो. 4000 मीटरवरून बॉम्ब सोडला की खाली पोचायला 28-29 सेकंद लागतात (हवेचा अडथळा सोडून देऊ) आणि तेवढा वेळ तो विमानाच्या वेगानं पुढंही जात असतो. त्यात मेख अशी की काट्यावर ताशी 300 किलोमीटरचा स्पीड दिसतो पण वर हवा विरळ, त्यामुळं खरा स्पीड 365 च्या आसपास असतो, आणि जुन्या आयएल-टूच्या साइटमध्ये (म्हणजे बॉम्बचा नेम धरायच्या यंत्रात) तुम्ही काट्यावरचाच आकडा टाकला तर बॉम्ब टार्गेटच्या अर्धा किलोमीटर पुढं जाऊन पडणार. हे कळलं त्या रात्री मला झोप नाही आली. वॉर थंडर ह्या गेमच्या आर्केड म्हणजे सोप्या प्रकारात बॉम्ब कुठं पडणार त्याची खूण सरळ जमिनीवर दाखवतात, म्हणजे ही सगळी मजाच गेली.

पण दुसऱ्या टोकाचे लोक पण चुकतात. इथं साताऱ्यात एका गेमिंग कॅफेत दिवाळीच्या सुट्टीत मॅचेस ठेवल्या होत्या, गेमची सगळी मदत बंद, नवीन पोरं दोन संध्याकाळी आली आणि परत फिरकली नाहीत. मला फार वाईट वाटलं. अहो, दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन बी-17 बॉम्बर विमानात दहा माणसं असायची, आणि शेवटच्या टप्प्यात नॉर्डन साइट ऑटोपायलटला जोडून बॉम्बार्डियर, म्हणजे बॉम्ब टाकणाराच, विमान वळवायचा! ती सगळी कामं एका पोरानं एका माउसवर करायची ह्याला खऱ्यासारखं कसं म्हणायचं? साइट लावायला, विमान सरळ धरायला गेमनं मदत केली तर तो बाकीचा क्रू झाला, चीटिंग नाही. तसंच आताच्या जेटमध्ये बॉम्ब कुठं पडेल ते कॉम्प्युटर वैमानिकाच्या समोरच्या काचेवर दाखवतोच, तिथं ती खूण खरीच आहे. स्टुकात (महायुद्धातलं सूर मारून बॉम्ब टाकणारं जर्मन विमान) मात्र बाजूच्या काचेवर कोनाच्या रेघा मारलेल्या असायच्या, डाइव्ह किती तिरकी आहे ते त्यावरून बघायचं, म्हणून तिथं रेघाच द्या.

आणि ह्या हिशोबाला कुणी नुसता खेळ म्हणू नये. 1999 ला कारगिलमध्ये 16-18 हजार फुटांवरच्या विरळ हवेत बॉम्ब नेहमीच्या हिशोबानं पडत नव्हते, आपल्या वैमानिकांना पद्धत बदलावी लागली, मग 24 जूनला मिराज-2000 नं टायगर हिलवर लेझर गायडेड बॉम्ब टाकले. आपल्या जिल्ह्यात अपशिंग्यासारखं फौजींचं गाव आहे, सैनिक स्कूल आहे, इथल्या पोरांना हे समजून घ्यायची हौस असणारच.

माझा पुतण्या नववीत आहे. त्याला मी साइटची मदत चालू ठेवून दिली, फक्त उंची आणि खरा स्पीड त्यानं स्वतः काढायचा. आता त्यानं 1000 ते 6000 मीटरचा तक्ता वहीत करून भिंतीला लावलाय. गेमवाल्यांनी मदतीची बटणं अशी एकेक वेगळी ठेवावीत, सगळी चालू नाहीतर सगळी बंद असं नको, एवढंच मागणं आहे.

आपला,
एक वाचक, गोडोली, सातारा